बंबाची अंतर्गत शुद्धी

अग्निशमन केंद्रातला बंब गरजेपेक्षा जास्त ऑइल खातो, ही बाब गावात कोणाला ठाऊक नव्हती, आणि ठाऊक असती तरी कोणी ती मनावर घेतली नसती. बंब लाल होता, रोज पुसला जात होता, आणि शाळेची मुलं त्याच्यापुढे उभी राहून फोटो काढून घेत होती. यापेक्षा जास्त अपेक्षा गावाने त्याच्याकडून कधी ठेवली नव्हती. मुळात गावात आग लागत नव्हती. घरं सुटी सुटी होती, माणसं सावध होती, आणि जी काही धुसफूस होती ती शेजाऱ्याशेजाऱ्यांत होती. ती विझवणं केंद्राच्या अखत्यारीत येत नव्हतं.

तरी नियमाप्रमाणे बंब रोज सकाळी चालू केला जाई. चालक ऐटीत वर चढे, किल्ली फिरवी, इंजिन जागच्या जागी थोडा वेळ घुरघुरे, मागून निळसर धूर निघे, समोरच्या इमारतीतल्या बायका वाळत घातलेले कपडे घाईघाईने आत घेत, आणि मग चालक इंजिन बंद करून चहाला जाई. बंब कुठेही गेलेला नसे. पण दर थोड्या दिवसांनी त्याच्यात नवं ऑइल ओतावं लागे.

मुख्यालयात वंगण शाखा नावाची एक शाखा होती आणि तिथे एक वंगण निरीक्षक होते. त्यांचं सगळं आयुष्य घसरट पदार्थांत गेलं होतं, पण त्यांचा स्वतःचा पाय कधी घसरला नव्हता, आणि याचा त्यांना अभिमान होता. सगळ्या गावांच्या ऑइलची तुलना करताना त्यांच्या लक्षात आलं की जे बंब रोज धावतात त्यांच्यापेक्षा हा न धावणारा बंब जास्त ऑइल पितो. ते तडक गावात आले आणि बंबाकडे ढुंकूनही न बघता चालकासमोर उभे राहिले.

“ऑइल कोण खातं?” त्यांनी विचारलं.

“बंब खातो, साहेब.”

“बंब जातो कुठे?”

“कुठंच जात नाही.”

“म्हणजे बसून खातो.” निरीक्षकांनी चष्मा पुसला. “माझ्या नोकरीत बसून खाणारे मी पुष्कळ पाहिले. सगळ्यांना दोन पाय होते.”

ऑइलचा खप लवकर आटोक्यात आला नाही तर चालकाची चौकशी लागेल आणि चौकशी संपेपर्यंत त्याला बंबाजवळ फिरकता येणार नाही, असं सांगून ते निघून गेले. चालक खचला. गणवेश घालून बाजारात जाणारा तो माणूस. आयुष्यात त्याने बंब फारसा चालवला नसला तरी तो बंबाचा चालक होता. घरी गेल्यावर बायकोने त्याला पाणी दिलं, समोर बसवलं आणि शांतपणे विचारलं की तू खरंच ऑइल विकत असशील तर त्याचे पैसे इतके दिवस घरात कसे दिसले नाहीत. त्या दिवशी तो जेवला नाही.

केंद्रप्रमुख नुकतेच बदलून आले होते. ते प्रामाणिक होते. तसा शेरा त्यांच्यावर दर वर्षी मारला जाई, आणि म्हणूनच त्यांना जिथे काहीही घडत नाही अशा गावात पाठवण्यात आलं होतं. शरीराने ते भरलेले होते, मनाने हळवे होते आणि नियमांवर त्यांची श्रद्धा होती. चालकाच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, “तुमच्या नोकरीला मी धक्का लागू देणार नाही. फक्त जे करायचं ते नियमात बसवून करू.”

चालकाला हायसं वाटलं. पुढे जे काही झालं ते या एका वाक्यामुळे झालं.

मिस्त्रीला बोलावण्यात आलं. त्याने धूर हुंगला, धुराच्या नळीत बोट घातलं आणि काळंभोर झालेलं बोट सगळ्यांना फिरवून दाखवलं. त्याचं म्हणणं असं पडलं की इंजिन रोज चालू होतं पण नीट तापत नाही, त्यामुळे आत काजळी साचते. त्या काजळीत पिस्टनच्या रिंगा चिकटून बसतात, मग ऑइल वर चढतं आणि जळून जातं. एक तर सगळं खोलून साफ करा, नाहीतर ऑइलमध्ये सफाईचं औषध घाला आणि गाडी लांब, जोरात, चांगली तापेपर्यंत पळवा. काजळी आपोआप सुटेल.

“बसून बसून आत घाण साचलीय,” मिस्त्री म्हणाला. “पळवा ह्याला.”

केंद्रप्रमुखांचा हात नकळत स्वतःच्या पोटाकडे गेला.

उपाय सोपा होता, पण बंब फाटकाबाहेर काढायचा तर त्यासाठी आग लागलेली असणं आवश्यक होतं. नियम तसा स्पष्ट होता. बंब घेऊन लोक सहलीला जाऊ नयेत म्हणून तो केला होता. केंद्रप्रमुखांनी मुख्यालयाकडे विनंती केली की केंद्राच्या अंतर्गत शुद्धीसाठी विशेष परवानगी मिळावी. ही विनंती मुख्यालयात बरीच फिरली. वंगण शाखेने ‘शुद्धी’ हा शब्द वाचून ती प्रशिक्षण शाखेकडे पाठवली, प्रशिक्षण शाखेने ‘अंतर्गत’ हा शब्द वाचून ती मनोबल शाखेकडे पाठवली, आणि एके दिवशी सकाळी केंद्रात पांढऱ्या कपड्यांतले एक व्याख्याते येऊन उभे राहिले.

व्याख्यात्यांचा आवाज फार मऊ होता. त्यांनी सगळ्या जवानांना बंबाशेजारी सतरंजीवर बसवलं, डोळे मिटायला सांगितलं आणि वर्षानुवर्षांची काजळी श्वासावाटे बाहेर सोडायला लावली. चालकाने एक डोळा उघडून विचारलं की यानं चिकटलेल्या रिंगाही सुटतात का. व्याख्याते म्हणाले, सगळंच सुटतं. आणि ते अगदीच खोटं ठरलं नाही, कारण कार्यक्रमानंतर एका जवानाला इतकं मोकळं वाटलं की आपल्याला ही नोकरी मुळात नकोच होती हे त्याच्या लक्षात आलं आणि तो राजीनामा देऊन घरी गेला. केंद्राची अंतर्गत शुद्धी समाधानकारकरीत्या पार पडल्याचं मुख्यालयाने कळवलं. बंब पूर्वीइतकंच ऑइल खात राहिला.

त्या दिवशी केंद्रप्रमुखांनी घरी ही सगळी हकीकत पत्नीला सांगितली. पत्नी भाजी चिरत होत्या. त्या म्हणाल्या, “अहो, आग लागल्याशिवाय गाडी काढता येत नाही ना? मग लावा की एखादी.”

हा टोमणा होता. पण बायकोचा टोमणा ही सूचना आहे असं धरून चालण्याची केंद्रप्रमुखांना सवय होती, आणि त्यांचा संसार आजवर त्यावरच सुरळीत चालला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी नियम पुन्हा वाचले. सराव करायला परवानगी होती. मात्र प्रत्यक्ष ज्वाळा असल्याशिवाय सराव ग्राह्य धरला जाणार नव्हता.

गावाबाहेर बऱ्याच अंतरावर दगडाची एक बंद पडलेली खाण होती. एक जवान सायकलवरून आधी तिकडे गेला, त्याने पिंपातल्या चिंध्या पेटवल्या आणि फोन केला. इकडे भोंगा वाजला, फाटक उघडलं आणि बंब सुटला. चालकाने कितीतरी वर्षांनी वरचा गिअर टाकला. तो पडेल की नाही याची त्याला खात्री नव्हती. तो पडला. रस्त्याकडेची झाडं मागे पळू लागली, इंजिनाचा आवाज घोगऱ्याचा मोकळा झाला, मागच्या नळीतून काळे गोळे फटाफट बाहेर पडू लागले, आणि वाटेवरच्या घरांत वाळत घातलेले कपडे निळसर होण्याऐवजी ठिपक्याठिपक्यांचे झाले. खाणीशी पोचेपर्यंत चालक मोठमोठ्याने गात होता. चिंध्या तोवर विझल्या होत्या. त्या पुन्हा पेटवून विझवण्यात आल्या.

असे काही सराव झाले आणि धूर विरळ होत गेला. मग एका सकाळी चालकाने ऑइल मोजायची कांडी बाहेर काढली, फडक्याने पुसली, पुन्हा बुडवली आणि केंद्रप्रमुखांच्या डोळ्यांसमोर धरली. तापातून उठलेल्या लेकराचा थर्मामीटर आई दाखवते, तसा त्याचा चेहरा होता. ऑइल जागच्या जागी होतं.

वंगण निरीक्षक आले, त्यांनी कांडी स्वतः बुडवून पाहिली आणि खप घटल्याचं काहीशा खिन्न मनाने मान्य केलं. चालकावरची चौकशी टळली. पण जाता जाता त्यांनी सांगितलं की सरावांची वर्षभराची मुभा एवढ्यातच संपलेली आहे. सराव थांबले. बंब पुन्हा सकाळी जागच्या जागी घुरघुरू लागला, आणि थोड्याच दिवसांत मागे निळी झाक दिसू लागली. चालकाची भूक पुन्हा गेली.

आता उरल्या होत्या नागरिकांनी कळवलेल्या आगी. त्यांना मर्यादा नव्हती. तशी ती घालावी अशी सूचना मुख्यालयात एकदा आली होती, पण नागरिक ती पाळतीलच याची शाश्वती नसल्याने ती बारगळली होती.

चालकाचा मेहुणा गावाबाहेर रोपवाटिका चालवत असे. त्याने फोन करून वाळक्या पानांना आग लागल्याचं कळवलं. केंद्रप्रमुखांनी पोचल्यावर आधी हे खोटं तर नाही ना याची खात्री करून घेतली. पानं खरोखर जळत होती. ती कोणी पेटवली हे नियम विचारत नव्हता, म्हणून त्यांनीही विचारलं नाही. आग विझवून झाल्यावर त्यांना वाटलं की माणसाने तत्परता दाखवली आहे, तर तिची कदर व्हायला हवी. त्यांनी मेहुण्याला लाल किनारीचं ‘जागरूक नागरिक’ असं प्रशस्तिपत्र दिलं.

मेहुण्याने ते काचेच्या चौकटीत घालून दारासमोरच्या भिंतीवर लावलं. येणाऱ्याजाणाऱ्याने ते पाहिलं. आणि मग गावात आगी लागू लागल्या.

सुरुवातीला त्या साध्या होत्या. कोणाचा कचरा पेटे, कोणाची जुनी गादी. भोंगा वाजत बंब दाराशी येई, शेजारी गच्चीवर येत, जवान मानाने सलाम करत, आणि घरमालक जाकीट घालून प्रशस्तिपत्र स्वीकारी. ज्यांच्या दाराशी बंब आला नव्हता त्यांना चारचौघांत चुकल्याचुकल्यासारखं होऊ लागलं. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी आपली अप्रकाशित आत्मकथा पेटवली आणि पहिल्यांदाच तिला एवढे लोक जमले. वेगळं झालेल्या दोन भावांनी एकाच दिवशी वेगवेगळ्या आगी लावल्या, आणि बंब आधी धाकट्याकडे गेला म्हणून थोरल्याने बोलणं टाकलं. हुशार घरमालक लग्नाच्या बोलणीसाठी पाहुणे आले की एखादी छोटीशी आग ठेवू लागले. घराचं वजन वाढत असे.

मिस्त्रीचा पन्नासावा वाढदिवस आला तेव्हा त्याने केकवर पन्नास मेणबत्त्या लावल्या आणि अनेक ठिकाणी एकाच वेळी ज्वाळा दिसत असल्याचं केंद्राला कळवलं. केंद्रप्रमुख थोडे घुटमळले. त्यांनी व्याख्या काढून पाहिली. ज्योत होती, उष्णता होती, थोडाफार धूरही होता. ते चालकाला म्हणाले, “आग लहान आहे म्हणून ती आग नव्हे, असं ठरवण्याचा अधिकार मला कोणी दिलाय?”

मिस्त्रीचं घर केंद्रापासून अगदी जवळ होतं. इंजिन तापावं म्हणून बंब गावाला पूर्ण वळसा घालून गेला. तोवर पाहुणे मेणबत्त्या विझू नयेत म्हणून वाऱ्याला हात आडवे धरून उभे होते. जवानांनी पाण्याचा अगदी नाजूक फवारा मारला. केक वाहून गेला, पण टाळ्या पडल्या.

गावात एकच व्यक्ती अशी होती की जिने बंब बोलावला नाही. लांबच्या रस्त्याच्या टोकाला मावशींची बेकरी होती. अंतराच्या दृष्टीने ती फार सोयीची होती, म्हणून चालक स्वतः त्यांच्याकडे जाऊन आला. मावशी पहाटेपासून उभ्या असत. हात कोपरापर्यंत पिठात. त्यांनी त्याला ताजा पाव दिला, त्याचं म्हणणं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “माझ्याकडे आग रोज असते रे. ती भट्टीत असते. तू विझवलीस तर गाव सकाळी खाईल काय?”

लोकांना हे आवडलं नाही. मावशींना सामाजिक भान नाही, असं बोललं जाऊ लागलं, आणि ते बोलताना लोक त्यांचाच पाव खात होते.

इकडे मुख्यालयाकडून एकाच टपालाने दोन पत्रं आली. वंगण शाखेने ऑइल बचतीत हे केंद्र सर्वांत आदर्श ठरल्याबद्दल हार्दिक अभिनंदन केलं होतं. आपत्ती शाखेने हे गाव सर्वांत आगग्रस्त ठरल्याबद्दल तीव्र दुःख व्यक्त केलं होतं. केंद्रप्रमुखांनी दोघांचेही आभार मानले.

पुरस्कार द्यायला मुख्यालयाचे उपप्रमुख स्वतः यायचे होते. बंबाच्या अंतर्गत स्वच्छतेची प्रत्यक्ष पाहणी करूनच पुरस्कार देण्यात येईल, असं कळवण्यात आलं होतं. चालकाला याचा अर्थ आधी समजला. तो म्हणाला, “साहेब, खोललं तर चालणार नाही.”

“कार्यक्रम संपेपर्यंत चालायचंय कुठे?” केंद्रप्रमुख म्हणाले.

पण ते बेफिकीर नव्हते. त्यांनी त्या दिवसापुरता दुसरा बंब मागवला. मुख्यालयाने उत्तर दिलं की बदली बंब फक्त बिघडलेल्या बंबाच्या जागी मिळतो. आपला बंब त्या दिवशी बिघडलेला नसून फक्त उघडलेला असेल. बंब मुद्दाम बिघडवणं केंद्रप्रमुखांच्या तत्त्वात बसत नव्हतं. त्यांनी विषय सोडून दिला.

कार्यक्रम दुपारी होता. केंद्राच्या आवारात खुर्च्या मांडल्या, गाव नटूनथटून आलं. मिस्त्रीने इंजिन सकाळीच खोलून ठेवलं होतं. पांढऱ्याशुभ्र चादरीवर पिस्टन ओळीने मांडले होते, शेजारी रिंगा, शेजारी झडपा, आणि प्रत्येकासमोर सुवाच्य अक्षरांत नावाची पाटी. बायका वाकून वाकून बघत होत्या आणि आपल्या घरची भांडीसुद्धा एवढी लख्ख नाहीत म्हणून हळहळत होत्या. उपप्रमुखांनी खिशातून पांढरा रुमाल काढला, इंजिनाच्या पोकळीत घालून फिरवला आणि बाहेर काढला. तो पांढराच होता. टाळ्यांचा कडकडाट झाला. ज्याच्यावर ऑइलचा आळ आला होता त्या चालकाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, आणि वंगण निरीक्षकांनीही दुसरीकडे बघून नाक शिंकरलं.

उपप्रमुखांचं भाषण रंगात आलं असताना फोन वाजला. केंद्रप्रमुखांनी तो उचलला. पलीकडे बेकरीवाल्या मावशी होत्या. भट्टीवरच्या छताला लागली आहे, लवकर या, एवढंच त्या म्हणाल्या.

केंद्रप्रमुखांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, “कितीला ठेवलाय कार्यक्रम?”

मग मावशी म्हणाल्या, “अरे बाबा, खरी लागलीय.”

केंद्रप्रमुखांनी चादरीकडे पाहिलं. पिस्टन उन्हात चमकत होते. ते जाऊन ध्वनिक्षेपकासमोर उभे राहिले आणि म्हणाले की बेकरीला आग लागली आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ही आग खरी आहे, असं त्यांनी पुन्हा सांगितलं. टाळ्या वाढल्या. उपप्रमुख शेजारी बसलेल्या निरीक्षकांच्या कानाशी लागून म्हणाले की आखणी फार बारकाईने केलेली दिसते.

चालकाने भिंतीवरच्या दोन लाल बादल्या काढल्या, त्यातली वाळू ओतून टाकली आणि तो धावत सुटला. त्याच्यामागे जवान, त्यांच्यामागे केंद्रप्रमुख, आणि पुढचा कार्यक्रम बेकरीवर आहे असं समजून त्यांच्यामागे सगळं गाव. लोक शिस्तीचे होते. आजवरच्या अनुभवाने ते नेहमीच्या अंतरावर थांबले आणि बंबाला यायला मधे रुंद वाट ठेवून दोन्ही बाजूंना उभे राहिले.

मावशी दारात होत्या. पीठ आणि काजळी मिळून त्यांचा चेहरा राखाडी झाला होता. कणीक मळायच्या टोपाने त्या हौदातलं पाणी उपसून फेकत होत्या. चालकाला बघून त्या थांबल्या आणि त्याच्या मागे रिकाम्या वाटेकडे बघत म्हणाल्या, “गाडी कुठंय?”

चालकाला धाप लागली होती. तो म्हणाला, “चादरीवर आहे, मावशी.”

मावशींनी पुढे काही विचारलं नाही. टोप त्याच्या हातात दिला आणि स्वतः बादली घेतली. केंद्रप्रमुख शिडी लावून छतावर चढले. एवढ्या जड अंगाने आपण वर कसे चढलो हे त्यांना नंतर कधीच सांगता आलं नाही. तापलेले पत्रे ते हातांनी उचकटून खाली फेकत होते, म्हणजे निदान शेजारच्या घरापर्यंत आग पोचू नये. खाली चालक बादली घेऊन धावताना ओल्या फरशीवर सपशेल आपटला, उठला आणि परत धावला. गर्दीत हशा पिकला. चारी बाजूंना फोन वर धरलेले होते. धूर नीट दिसत नाही, जरा डावीकडे सरका, असं एका बाईने मावशींना समजुतीच्या सुरात सांगितलं.

गर्दीतून एकच व्यक्ती पुढे आली, ती म्हणजे केंद्रप्रमुखांच्या पत्नी. पदर खोचून त्या हौदापाशी उभ्या राहिल्या आणि समोरच्या पुरुषांना म्हणाल्या, “बघताय काय, बादली घ्या.” पुरुष संकोचले. मधे पडलो तर जवानांना राग येईल, असं त्यांचं म्हणणं होतं. एकाने फोन खिशात ठेवला खरा, पण तो बॅटरी संपली म्हणून.

केंद्रप्रमुख खाली उतरल्यावर छत कोसळलं आणि जळण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा आग विझली. भट्टी वाचली. शेजारचं घर वाचलं. केंद्रप्रमुखांच्या तळहातांना फोड आले आणि चालकाच्या भुवया गेल्या. उपप्रमुखांनी निघण्यापूर्वी मावशींना लाल किनारीचं प्रशस्तिपत्र दिलं, तेव्हा पुन्हा टाळ्या झाल्या. मावशींनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि भट्टी पेटवायला बाजूला ठेवलं.

केंद्रप्रमुखांनी मुख्यालयाला सगळं जसंच्या तसं कळवलं. एकही गोष्ट लपवली नाही. खाणीतल्या चिंध्या, रोपवाटिकेतली पानं, मिस्त्रीचा केक, सगळं लिहिलं आणि दोष आपला आहे असंही लिहिलं. मुख्यालयाने शांतपणे उत्तर दिलं. ज्या ठिकाणी बंब गेला तिथेच आग लागली असं मानण्यात येतं. बेकरीवर बंब गेलेला नाही. सबब बेकरीला आग लागलेली नाही, आणि न लागलेली आग विझवण्यात कसूर झाली हा आपला दावा मान्य करता येत नाही. वंगण शाखेने वेगळं कळवलं की त्या दिवशीचा ऑइलचा खप शून्य असून तो आजवरचा उच्चांक आहे. सर्व गावांनी आपापले बंब याच पद्धतीने खोलून चादरीवर ठेवावेत.

मावशींनी छतासाठी सरकारी मदत मागितली तेव्हा त्यांनाही तेच सांगण्यात आलं. घटना घडलेलीच नाही. घडली असेल तर ती पाहिलेल्या दोन नागरिकांनी सहीनिशी तसं लिहून द्यावं. केंद्रप्रमुख आणि चालक सही करायला एका पायावर तयार होते, पण ते कर्मचारी असल्याने त्यांचं पाहणं धरलं जात नव्हतं. मग केंद्रप्रमुखांच्या पत्नींनी एक सही स्वतः केली आणि दुसरीसाठी त्या दारोदार गेल्या. प्रत्येक घरात त्यांना बसायला खुर्ची मिळाली, चहा मिळाला. चालकाचा मेहुणा म्हणाला, मी मागे होतो, मला नीट दिसलं नाही. मिस्त्री म्हणाला, मी धूर पाहिला, आग पाहिली असं छातीठोकपणे कसं सांगू? मुख्याध्यापक म्हणाले की ते तिथे हजर होते, पण सगळा वेळ फोनच्या पडद्यावर बघत होते, त्यामुळे प्रत्यक्ष पाहिलं असं म्हणणं सत्याला धरून होणार नाही. आग पाहिली असं लिहून दिलं की मग तुम्ही काय करत होतात, हा प्रश्न येणार, हे कोणी बोललं नाही, पण चहा पिताना सगळ्यांच्या डोळ्यांत ते होतं.

सुटीच्या दिवशी केंद्रप्रमुख आणि चालक मावशींकडे जातात आणि जुने पत्रे ठोकूनठाकून जागेवर बसवतात. केंद्रप्रमुखांना हातोडा धरता येत नाही, चालकाला वर चढायची भीती वाटते, त्यामुळे काम सावकाश चाललं आहे. मावशी ताडपत्रीखाली पाव भाजतात. गावाला तो सकाळी वेळेवर मिळतो, म्हणून छताची आठवण कोणाला होत नाही.

चित्रफीत मात्र गावोगाव गेली. ती तुमच्याकडेही आली असेल. लहानशीच आहे. आधी धूर दिसतो, मग पत्र्यावर चढलेला एक जाडा गृहस्थ, मग बादली घेऊन धावणारा गणवेशातला माणूस धाडकन आपटतो. तिथे सगळेच हसतात. इतक्या लोकांनी ती पाहिली की शेवटी मुख्यालयाला नियम सैल करावा लागला. आता साक्षीदाराने त्या जागी असण्याची अट नाही, चित्रफीत शेवटपर्यंत पाहिलेली असली तरी चालते. मावशींच्या छताला अजून एक सही कमी पडते आहे. तुम्ही ती शेवटपर्यंत पाहिली होती, आणि पुढे पाठवताना खाली हसरा चेहराही टाकला होता. तेवढंच फक्त लिहून द्यायचं आहे.